फ्लेअरमध्ये पूरक गॅस: कधी, किती आणि त्याआधी काय बघायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्लेअरवर, म्हणजे प्लांटमधला नको असलेला गॅस उंच स्टॅकच्या टोकावर जाळणाऱ्या यंत्रणेवर, ऑपरेटरांचे वर्ग घेतले की पुढचे पंधरा दिवस फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. काही पॅनेलवर बसणाऱ्यांचे असतात, काही नुकत्याच पास झालेल्या केमिकल इंजिनिअरांचे, आणि अधूनमधून रिफायनरीशेजारी राहणाऱ्या एखाद्याचेही. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उष्मांक सगळीकडे निव्वळ धरला आहे, म्हणजे जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता सोडून. घनमीटर २० अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेले आहेत.

१. फ्लेअर नेमका कशासाठी असतो?

प्लांटमधला दाब वाढला, युनिट बंद करायचं असलं किंवा एखादा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, की आतला ज्वलनशील गॅस कुठेतरी जायलाच हवा. तो हेडरमधून नॉकआउट ड्रममध्ये येतो. तिथे त्यातलं द्रव खाली बसतं. मग वॉटर सीलमधून, म्हणजे पाण्याच्या अडसरातून, तो स्टॅकवर चढतो आणि टिपवर, म्हणजे स्टॅकच्या तोंडाशी, पायलटच्या ज्योतीने पेटतो. गॅस तसाच हवेत सोडला तर स्फोटाची भीती आणि विषारी वायूही मोकळे, म्हणून तो जाळायचा. चिमणीतून आधीच जळून झालेला धूर बाहेर पडतो. फ्लेअरमध्ये जळणं बाहेर, उघड्या वाऱ्यात होतं. पुढचे बहुतेक घोळ या एका गोष्टीतून निघतात.

२. टाकाऊ गॅसच जाळायचा आहे, मग त्यात पैसे मोजून घेतलेला चांगला गॅस कशाला घालायचा?

ओल्या सरपणाची चूल पेटवताना आपण दोन वाळक्या काटक्या घालतो, तसंच. फ्लेअरला येणाऱ्या गॅसमध्ये पुष्कळदा नायट्रोजनच जास्त असतो. व्हेसल नायट्रोजनने पर्ज केलेलं, म्हणजे आतला गॅस ढकलून काढलेला असतो, टाकीवर नायट्रोजनचं ब्लँकेट असतं, कुठेतरी व्हॉल्व्ह गळत असतो. अशा मिश्रणाला ज्योत टिकवण्याइतकी उष्णता स्वतःच्या जळण्यातून मिळत नाही. मग कडेचा गॅस अर्धवट जळून किंवा अजिबात न जळता निघून जातो. नैसर्गिक गॅस किंवा प्लांटचा फ्युएल गॅस मिसळून मिश्रणाचा उष्मांक वर आणणं, हे पूरक गॅसचं काम. कुठे याला सपोर्ट गॅस म्हणतात, कुठे एनरिचमेंट गॅस.

३. पायलट गॅस, पर्ज गॅस आणि पूरक गॅस हे एकच ना?

नाही. लॉगशीटमध्ये तिघांची बेरीज एकाच रकान्यात लिहिलेली मी पाहिली आहे, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवला. पायलट गॅस छोट्या बर्नरांना जातो आणि कायम चालू असतो. आग लावणं एवढंच त्याचं काम. पर्ज गॅस स्टॅकमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही, नाहीतर आग पाइपात उतरते. पर्जसाठी नायट्रोजनही चालतो. पूरक गॅस मुख्य गॅसमध्ये मिसळला जातो आणि त्याचं प्रमाण गरजेनुसार बदलतं. उष्मांकाच्या हिशेबात पायलट गॅस धरायचा नाही. पर्ज आणि पूरक मात्र धरायचे, कारण ते टिपमधून मुख्य गॅसबरोबरच बाहेर पडतात. यातून एक गंमत निघते: नायट्रोजनने पर्ज करत असाल तर एका हाताने उष्मांक पातळ करताय आणि दुसऱ्या हाताने गॅस घालून तो घट्ट करताय.

४. उष्मांक किमान किती हवा?

जगभर ज्या आकड्यांचा आधार घेतला जातो ते मुख्यतः अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे आहेत. १९८० च्या दशकातल्या जुन्या नियमात स्टीम किंवा हवेची मदत घेणाऱ्या (धूर होऊ नये म्हणून ती टिपवर सोडतात) फ्लेअरला येणाऱ्या गॅसचा उष्मांक किमान ३०० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) प्रति घनफूट, म्हणजे ११.२ मेगाज्यूल प्रति घनमीटर. मदत नसलेल्या फ्लेअरला २०० बीटीयू, म्हणजे ७.४५ मेगाज्यूल. डिसेंबर २०१५ मध्ये रिफायनऱ्यांसाठी नवा नियम आला आणि ३० जानेवारी २०१९ पासून तो पाळणं बंधनकारक झालं. त्यात ज्वलनक्षेत्राचा उष्मांक दर १५ मिनिटांच्या सरासरीत किमान २७० बीटीयू हवा. आपल्या भाषेत सुमारे १०.०६ मेगाज्यूल किंवा २,४०० किलोकॅलरी प्रति घनमीटर. २०२० मध्ये हीच पद्धत तिथल्या इथिलीन प्रकल्पांनाही लागू झाली.

५. ३०० वरून २७०, म्हणजे नियम सैल झाला की!

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. नियम उलट कडक झाला. जुना आकडा पाइपातल्या गॅसचा होता. नवा आकडा टिपवर, स्टीम मिसळल्यानंतरच्या मिश्रणाचा आहे. ज्वलनक्षेत्र म्हणजे ही प्रत्यक्ष आगीची जागा. पाइपात ३५० बीटीयूचा गॅस असेल आणि वर तुम्ही त्याच्याइतक्याच घनफळाची स्टीम सोडली, तर आगीच्या जागी उरले १७५.

हे कागदावरचं गणित नाही. २०१० मध्ये टेक्सासच्या पर्यावरण आयोगाने ओक्लाहोमातल्या टल्सा इथे पूर्ण आकाराच्या फ्लेअरवर चाचण्या करून घेतल्या. गॅसचा प्रवाह मुद्दाम अगदी कमी, डिझाइन क्षमतेच्या पाव टक्का आणि त्याहूनही खाली ठेवला होता, कारण खरे फ्लेअर वर्षातले बहुतेक दिवस तसेच चालतात. गॅस जुन्या नियमात बसणारा होता. तरी स्टीम वाढवत नेल्यावर ९८ टक्क्यांची अपेक्षित कार्यक्षमता घसरत गेली. सर्वात चांगलं ज्वलन धूर येऊ लागण्याच्या अगदी काठावर मिळालं.

६. एकदा आकडे घालून हिशेब करून दाखवाल का?

समजा तासाला ५०० घनमीटर गॅस येतोय. ९० टक्के नायट्रोजन, १० टक्के प्रोपेन. प्रोपेनचा उष्मांक ८५ मेगाज्यूल, म्हणजे मिश्रणाचा ८.५. स्टीम तासाला ३०० किलो चालू आहे. एक किलो स्टीम म्हणजे १.३४ घनमीटर, म्हणून ४०१ घनमीटर.

ज्वलनक्षेत्रात एकूण उष्णता ५०० गुणिले ८.५ म्हणजे ४,२५० मेगाज्यूल. एकूण घनफळ ९०१. भागाकार ४.७. हवेत १०.०६. निम्म्याच्याही खाली आहोत.

आता ३३.४ मेगाज्यूलचा नैसर्गिक गॅस किती घालावा? तूट काढा: ९०१ गुणिले १०.०६ म्हणजे ९,०६४, वजा ४,२५०, उरले ४,८१४. याला ३३.४ आणि १०.०६ यांच्या फरकाने, म्हणजे २३.३४ ने भागा. तासाला २०६ घनमीटर. भागताना ३३.४ घेऊ नका, कारण घातलेला गॅस स्वतःही घनफळ वाढवतो. ही चूक परीक्षेतच काय, प्लांटच्या कंट्रोल लॉजिकमध्येही झालेली मी पाहिली आहे.

आता तोच हिशेब स्टीम १०० किलोवर आणून करा. गरज ९१ घनमीटरवर येते. स्टीमचा एक व्हॉल्व्ह थोडा पिळल्याने तासाला ११५ घनमीटर, दिवसाला २,७६० घनमीटर गॅस वाचला. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी स्टीम, मग नायट्रोजनची गळती, आणि पूरक गॅस सगळ्यात शेवटी. स्टीम शून्य धरली तरी या उदाहरणात ३३ घनमीटर लागतातच, म्हणजे गॅसची जोडणी नकोच असंही म्हणता येत नाही.

७. मग स्टीम पूर्ण बंदच करून टाकू का?

नको. टिपला थंड ठेवायला आणि स्टीम लाइनमध्ये पाणी साचू नये म्हणून टिप बनवणाऱ्याने किमान स्टीम सांगितलेली असते. तिच्याखाली गेलात तर आग टिपच्या आत ओढली जाते, स्टीमची रिंग जळते, आणि ती बदलायला अख्खा शटडाउन लागतो. पण ते किमान जुन्या कागदावर गरजेपेक्षा फार जास्त लिहिलेलं असेल तर उत्पादकाला परत विचारा. पुष्कळदा तो आकडा खाली यायला जागा असते. दुसरं, मोठ्या व्हॉल्व्हला बारीक प्रवाह सांभाळता येत नाही. मुख्य व्हॉल्व्हला समांतर एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह बसवला की कमी लोडवरचे अर्धे प्रश्न सुटतात.

८. धूर दिसत नाही, ज्वाळाही स्वच्छ आहे. म्हणजे छानच जळतंय ना?

पावसाळ्यातली एक नाइट शिफ्ट सांगतो. प्लांटचं नाव राहू दे. दिवसा फ्लेअर काळा झाला होता, गावातून फोन आले, वरिष्ठ ओरडले. पॅनेलवरच्या पोराने स्टीम पूर्ण उघडली आणि चहाला गेला. रात्री अडीचला मी बाहेर आलो तेव्हा स्टॅकवर ज्वाळाच दिसेना. टिपपासून हातभर वर पांढरा पिसारा आणि खाली घरघर, कंट्रोल रूमच्या काचा थरथरतील अशी. पायलटची थर्मोकपल मात्र ‘सगळं ठीक’ दाखवत होती, कारण पायलट खरंच पेटलेलेच होते. सकाळी पहिली तक्रार धुराची नव्हती, वासाची होती. आम्ही स्टीम टप्प्याटप्प्याने कमी केली. ज्वाळा निळसर, मग पिवळी, मग केशरी झाली, टोकाला धुराची रेघ दिसली की किंचित वाढवून थांबलो.

धूर म्हणजे कार्बनचे कण, ते डोळ्यांना दिसतात. न जळलेला गॅस दिसत नाही. म्हणून धुराला सगळे घाबरतात आणि जादा स्टीमला कोणी विचारत नाही. ज्वाळा पारदर्शक, टिपपासून सुटलेली, वर वाफेचा पिसारा आणि कर्कश किंवा घुमणारा आवाज ही जादा स्टीमची खूण. अमेरिकेच्या नियमातही दोन तासांत एकूण पाच मिनिटं धूर चालतो. काठावर चालवताना कधीतरी रेघ उठणारच.

९. पूरक गॅस म्हणून एलपीजी चालेल का?

चालतो, पण नाइलाज असेल तरच. घनफळाला उष्मांक भरपूर म्हणून कागदावर तो फार आकर्षक दिसतो. पण मिथेनपेक्षा तो धुराला लवकर येतो. मग धूर मारायला स्टीम वाढवता, स्टीमने उष्मांक उतरतो, तो भरायला आणखी एलपीजी. आगीतून फुफाट्यात. शिवाय व्हेपोरायझर नीट चालला नाही तर ब्युटेन हेडरमध्ये द्रव होऊन बसतो. नैसर्गिक गॅसची पाइपलाइन आली असेल तर तोच घ्या. रिफायनरीचा स्वतःचा फ्युएल गॅसही चांगला, फक्त त्याची घटना तासागणिक बदलते. तेव्हा लॉजिकमध्ये ठरावीक उष्मांक टाकून झोपी जाऊ नका.

१०. आमच्या गॅसमध्ये हायड्रोजन खूप आहे. उष्मांक कमी दिसतो, पण ज्वाळा तर झकास आहे. कोण खरं?

ज्वाळा. हायड्रोजनचा घनफळानुसार उष्मांक अवघा २७४ बीटीयू, मिथेनच्या एक तृतीयांशाहून कमी. पण तो हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटतो आणि त्याची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. त्यामुळे नुसत्या उष्मांकाच्या फूटपट्टीने त्याच्यावर अन्याय होतो. ईपीएच्या २०१५ च्या नियमात म्हणूनच हायड्रोजनला हिशेबापुरता १,२१२ बीटीयू धरायची मुभा आहे. अट अशी की हायड्रोजन वेगळा मोजला पाहिजे. नुसता कॅलरीमीटर, म्हणजे फक्त उष्मांक मोजणारं यंत्र, बसवला असेल तर त्याला ही सवलत कळणार नाही आणि तुम्ही विनाकारण गॅस ओतत राहाल. हायड्रोजन जास्त असलेल्या प्लांटला हायड्रोजन ॲनालायझरचा खर्च लवकर निघतो.

११. मोजायचं कशाने? गॅस क्रोमॅटोग्राफ की कॅलरीमीटर?

कॅलरीमीटर एका मिनिटाच्या आसपास उत्तर देतो, पण आत काय आहे ते सांगत नाही. क्रोमॅटोग्राफ सगळं सांगतो, पण काही मिनिटं उशिरा. फ्लेअरला अचानक नायट्रोजनचा लोट आला तर क्रोमॅटोग्राफचं उत्तर हाती येईपर्यंत लोट जळून किंवा न जळून गेलेला असतो. प्रवाहासाठी अल्ट्रासॉनिक मीटर लागतो. त्यातल्या आवाजाच्या वेगावरून गॅसचं रेणुभारही अंदाजता येतं, आणि हा इशारा तात्काळ मिळतो. रेणुभार अचानक २८ कडे सरकू लागलं तर नायट्रोजन असण्याची शक्यता मोठी. पण इथे एक खोच आहे: इथिलीनचं रेणुभारही २८ च आहे, आणि तो भरपूर उष्मांकाचा आणि धूर करणारा. इथिलीन हाताळणाऱ्या प्लांटने या इशाऱ्यावर एकट्याने विसंबू नये.

१२. पूरक गॅसची लाइन कुठे जोडायची?

उष्मांक मोजण्याच्या जागेच्या अलीकडे जोडलीत तर मोजणीत तो आपोआप येतो आणि मिसळायला अंतरही मिळतं. पलीकडे जोडलीत तर त्याचा प्रवाह वेगळा मोजून हिशेबात घालावा लागतो. फ्लेअर गॅस रिकव्हरीचा, म्हणजे फ्लेअरकडे जाणारा गॅस परत ओढून वापरात घेणारा, कॉम्प्रेसर असेल तर मात्र एकच जागा बरोबर: वॉटर सीलच्या पलीकडे, स्टॅकच्या बाजूला. एका ठिकाणी ती सीलच्या अलीकडे जोडली होती. कॉम्प्रेसर इमानेइतबारे पूरक गॅस ओढून परत फ्युएल गॅसमध्ये ढकलत होता आणि कंट्रोलर ‘अजून कमीच आहे’ म्हणून आणखी सोडत होता. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्यासुद्धा.

१३. स्टीम नाही, आमचा ब्लोअरवाला फ्लेअर आहे. आम्हाला हे सगळं लागू?

तत्त्व तेच, फक्त पातळ करणारी गोष्ट बदलली. ब्लोअरची हवा कमी गॅसला जास्त झाली की ज्योत विझत जाते. तिथे नियम टिपच्या व्यासाशी जोडलेला आहे: किमान २२ बीटीयू प्रति चौरस फूट, तोही १५ मिनिटांच्या सरासरीत. एकाच वेगाचा ब्लोअर असेल तर कमी गॅसला हवा कमी करणं हातात राहत नाही, मग पूरक गॅसवर पैसे जातात. मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह बसवा. हा सल्ला प्रश्न ६ च्या शेवटचाच आहे, नुसता स्टीमच्या जागी हवा वाचा.

१४. ॲसिड गॅस आणि अमोनियाच्या फ्लेअरचं काय?

दोन्हींना पूरक गॅस बहुतेक वेळा लागतोच. ॲमाइन युनिटमधून (गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढणारं युनिट) आलेल्या ॲसिड गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडबरोबर कार्बन डायऑक्साइड असतो. निम्मा-निम्मा असेल तर उष्मांक ११ मेगाज्यूलच्या आसपास, त्यात स्ट्रिपरमधली पाण्याची वाफ. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा जास्त उष्णता पिऊन ज्योत लवकर थंड करतो. इथे गॅस घालण्यामागे दुसरंही कारण आहे: ज्वाळा गरम असेल तर सल्फर डायऑक्साइड उंच जाऊन पसरतो, जमिनीवर उतरत नाही.

अमोनियाची अडचण उष्मांकात कमी आणि वेगात जास्त आहे. त्याच्या ज्योतीचा वेग सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर, मिथेनचा ४० च्या जवळ. त्यामुळे २७० चा आकडा ओलांडला म्हणून अमोनिया जळालाच असं मानू नका. टिपमधला वेग कमी ठेवा आणि मिथेनचा आधार द्या.

१५. आमच्या साखर कारखान्याच्या आसवनीत बायोगॅसचा फ्लेअर आहे. सल्लागार म्हणतो पूरक गॅस लागेल. खरं का?

स्पेंट वॉशच्या, म्हणजे आसवनीच्या सांडपाण्याच्या, डायजेस्टरमधून येणाऱ्या बायोगॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन असेल तर उष्मांक १८ ते २० मेगाज्यूल. मदत नसलेल्या फ्लेअरला ७.४५ पुरतो. म्हणजे नाही लागत. पायलटला एलपीजीचा सिलिंडर पुरे. डायजेस्टर सुरू करतानाचे पहिले दिवस सोडा, तेव्हा कार्बन डायऑक्साइडच जास्त येतो. जुन्या, बंद झालेल्या कचराभूमीचा गॅस मात्र वेगळा: तिथे मिथेन २५-३० टक्क्यांखाली उतरला की आधार लागू शकतो.

१६. मोठी इमर्जन्सी आली तर पूरक गॅस चालूच ठेवायचा का?

इमर्जन्सीत बहुधा शुद्ध, भरपूर उष्मांकाचा गॅस येतो. त्याला आधार लागत नाही, लागते ती स्टीम. लॉजिकने पूरक गॅस आपोआप बंद करावा, कारण तो टिपमधला वेगही वाढवतो. जुन्या नियमात वेगाची साधी मर्यादा सेकंदाला १८.३ मीटर आहे. उष्मांक १,००० बीटीयूच्या वर असेल तर १२२ मीटरपर्यंत. उलट नायट्रोजनने भरलेलं मोठं व्हेसल घाईने मोकळं करणार असाल तर गॅस आधी चालू करा, मग व्हॉल्व्ह उघडा. त्यासाठी मोजणीच्या उत्तराची वाट पाहू नका (प्रश्न ११).

१७. जादा गॅस जाळणं हेसुद्धा प्रदूषणच नाही का?

आहे. प्रश्न ६ मधल्या २०६ घनमीटरमधून तासाला सुमारे ३७७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. फायदा काय जळतंय त्यावर ठरतो. टाकाऊ गॅसमध्ये बेंझिन किंवा ब्युटाडाइन असेल तर प्रश्न शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा आहे, तिथे कार्बनचा हिशेब दुय्यम. मिथेन असेल तर तोही हिशेब बाजूने लागतो: एक किलो मिथेन जळाला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तसाच सुटला तर शंभर वर्षांच्या मापाने २८ ते ३० किलोइतकी उष्णता अडवतो. पण पातळ प्रोपेनसाठी जादा स्टीम तशीच ठेवून नुसता गॅस ओतत राहणं, याचं समर्थन मला जमत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या पर्मियन, ईगल फोर्ड आणि बाकेन या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. तिथल्या फ्लेअरांतून मिथेन ९८ नव्हे, सुमारे ९१ टक्केच नष्ट होत होता. त्यातला एक मोठा वाटा चक्क विझलेल्या फ्लेअरांचा होता. तिथे पूरक गॅसने काही होत नाही, पायलट पेटलेला लागतो.

१८. आम्ही चेंबूर-माहूलकडे राहतो. फ्लेअरची ज्वाळा मोठी दिसली की घाबरायचं का?

मोठी केशरी ज्वाळा म्हणजे आत काहीतरी बिघडलं किंवा युनिट बंद-चालू होतंय, आणि फ्लेअर आपलं काम करतोय. ते जळणं दिसतंय ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. काळा धूर सलग राहिला, किंवा ज्वाळा दिसत नसताना गॅसचा वास आला, तर तक्रार करा. दुसरी जास्त महत्त्वाची, पण तीच लोक करत नाहीत. तक्रारीत तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. प्लांटकडे त्या मिनिटाच्या स्टीमची आणि गॅसच्या प्रवाहाची नोंद असते, आणि वेळ नेमकी असेल तर तीच मागता येते. प्रत्येक प्लांटला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र असतं. फ्लेअरबद्दलच्या अटी त्यातच बघायच्या.